तारा, एक नग

शनिवार, ४ तारीख

दादा,

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून कागद. कागद कट करता येत नाही, फार तर फाडता येतो, आणि फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच. तेवढ्या दोन ओळी मला पुरतील असं नाही, पण सुरुवात.

काम साधं आहे. सणाच्या सुट्ट्या संपल्या, सजावट उतरवली, आणि अकरा खोकी हॉलमध्ये पाहुण्यांसारखी ऐसपैस बसलीयत. बाबांचा गुडघा आता शिडी चढत नाही. मी चढले असते, पण आई म्हणते एका घरात एक गुडघा पुरे. तर प्रस्ताव असा आहे की माळ्याऐवजी हे सगळं तुझ्या खोलीत ठेवायचं. तुमच्या खोलीत. भिंतीतलं कपाट रिकामंच आहे आणि पलंगाखाली सहा खोकी मावतात, मी मोजलंय. आई म्हणाली, "त्याला विचारल्याशिवाय एक रिबीनसुद्धा तिथे जाणार नाही. विचार तू."

"मी का?"

"तूच."

मला संशय आहे की हा खोक्यांचा प्रश्नच नाही. आईला बघायचंय तू नाही म्हणतोस का. नाही म्हणालास तर खोली अजून तुमची, म्हणजे कधीतरी याल. हो म्हणालास तर काय, ते ती बोलत नाही. रविवारी ती तुझ्याशी फोनवर असते तेव्हा मी गॅलरीत जाते, पण दार पातळ आहे. नातीचा फोटो मागते, तू पाठवतोस, मग ती तो बोटांनी मोठा मोठा करत जाते, शेवटी नुसता एक कान उरतो. नात अडीच वर्षांची होत आली आणि आजीनं तिला कडेवर घेतलेलं नाही. यात माझी चूक किती, यावर आपलं एकमत नाही.

या वेळी सगळं नीट लावायचं ठरवलंय. बाबांची पद्धत तुला माहितीय: दिव्यांची माळ कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळायची, गाठ मारायची आणि पुढच्या वर्षी तिला शिव्या द्यायच्या. आता प्रत्येक माळ पुठ्ठ्यावर, पुठ्ठ्याला दोन्ही टोकांना खाचा. काचेचे गोळे अंड्यांच्या ट्रेमध्ये. दारावर लावायचं पानांचं गोल कडं उशीच्या जुन्या अभ्र्यात. चपलांच्या खोक्यातल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या मी वर्षभर जमवल्या होत्या, त्या प्रत्येक खोक्यात दोन. नावं खोक्याच्या बाजूंवर, झाकणावर नाही, कारण एकावर एक ठेवली की झाकणं दिसत नाहीत. "माळा" असं लिहिलेलं खोकं बाबांनी तीनदा शिडीपाशी नेऊन ठेवलं.

"माळा लिहिलंय ना? मग माळ्यावरच जाणार."

"अहो, माळा! दिव्यांच्या!" आई म्हणाली.

"मग दिव्यांच्या लिहा की. मी काय मनातलं वाचू?"

हां, आणि एक. तारा सापडला. तोच. पिवळ्या काचेचा, एक टोक उडालेला. मीटरखालच्या कपाटात, बाबांच्या वायरींच्या जंजाळात, एका खोक्यात, पेपरात नीट गुंडाळलेला. तीन वर्षांपूर्वी मी ते कपाट बघितलं होतं. म्हणजे नंतर कुणीतरी आणून ठेवला. मी कुणाचं नाव घेत नाही. फक्त विचारतेय: तुमच्याकडची घराची किल्ली कुठे आहे?

खोलीचं कळव.

तुझी,
चौकशी
(नाव तूच ठेवलंयस, आता वापरू दे.)


मंगळवार, ७ तारीख

दादा,

पत्र तुला काल मिळालं असणार. किंवा तुला मिळालं नसेल, पेटी दुसऱ्याच कुणी उघडली असेल. माझं अक्षर ओळखायला वेळ लागत नाही. असो.

तू म्हणशील एका काचेच्या ताऱ्यापायी किती हे. पण तो आजीनं आईला दिलेला, आणि पुढच्या खिडकीत तो लागल्याशिवाय आईच्या सुट्ट्या सुरू होत नसत, हे तुलाही माहितीय. तीन वर्षं ती ती खिडकी रिकामी ठेवते. दुसरं काही लावू देत नाही.

आणि वहिनी काय म्हणाली होती ते आठव. घरात आली त्या पहिल्याच महिन्यात आपल्या जुन्या फोटोत तो तारा बघून म्हणाली होती, "आई, हा मला देऊन टाका, मी जन्मात दुसरं काही मागणार नाही." सगळे हसले. मीही हसले. हसता हसता नोंद केली. मग सुट्ट्या आल्या, खोकी उतरवली, तारा नाही. त्या दिवशी मी फक्त विचारलं. विचारणं गुन्हा असेल तर आमचं अख्खं गोदाम तुरुंगात जाईल.

मी अजून तिथेच आहे, परत आलेल्या मालाच्या टेबलावर. दिवसाला दीडशे खोकी. सोबत चिठ्ठी असते: वस्तू उघडलेलीच नाही, साइज बसला नाही. उघडलेली नाही आणि साइज बसला नाही, एकाच वेळी. आत कधी कपड्यावर चहाचा डाग, कधी बुटाच्या खोक्यात दुसऱ्याच कुणाचा झिजलेला बूट. आम्ही चिठ्ठीवर शिक्का मारतो: "तपासले. नग कमी." किंवा "तपासले. ठीक." ठीकचा शिक्का अजून नवाकोरा आहे म्हण.

तर तपास. शेजारच्या काकूंना विचारलं, गेल्या काही महिन्यांत आम्ही नसताना कुणी आलं होतं का.

"आली होती ना एक बाई. निळी छत्री. तुमच्या जिन्याखाली दहा मिनिटं काय करत होती कोण जाणे."

"उंच होती?"

"बसलेली होती, उंची काय सांगू?"

"केस लांब?"

"छत्री होती म्हणतेय ना गं!"

वहिनीची छत्री निळी होती. आठव.

पेपर पिवळा पडलाय पण तारखेचा कोपरा फाटलेला आहे. खोक्यावर मार्करनं "तारा" लिहिलंय. बाबा म्हणतात, "म्हणून तर मी ते वायरींत टाकलं. तारा म्हणजे तारा! इलेक्ट्रिकच्या!" कधी टाकलं ते त्यांना आठवत नाही. बघ, ठेवणाऱ्यानं किती डोकं लावलंय. नाव खरं लिहायचं, पण असं की या घरात ते कुणी उघडणार नाही. अक्षर मोठं, ढोबळ, कुणाचं ते कळत नाही.

किल्लीचं तू सांगितलं नाहीस. खोलीचंही. आई रोज पेटी बघते, मग मला म्हणते, "बिलं आलीयेत का बघत होते."

चौकशी


रविवार, १२ तारीख

दादा,

दोन गोष्टी दुरुस्त करायच्या आहेत, कारण मी चुकीची माहिती ठेवत नाही.

एक. निळी छत्री मीटर बघणाऱ्या बाईंची आहे. शुक्रवारी मी रजेवर होते, त्या आल्या, जिन्याखाली बसून आकडे लिहीत होत्या. मी त्यांना नीट, नम्रपणे विचारलं की गेल्या वेळी त्या कपाटाला हात लावला होता का. त्या म्हणाल्या, "ताई, कपाट मीटरच्या खाली आहे, मीटर भिंतीवर आहे, मी भिंत बघते." मग छत्री मिटून म्हणाल्या, "तुम्ही पोलिसात आहात का?" काकू वरून ऐकत होत्या. आता जिन्यातल्या सगळ्यांना कळलंय.

दोन. किल्ली. किल्ली आईच्या शिवणाच्या डब्यात आहे. लाल दोरा बांधलेली, वहिनीची. तुम्ही गेलात त्याच दिवशी तिनं ती चपलांच्या कपाटावर ठेवली होती म्हणे. आईनं तेव्हाच उचलून डब्यात टाकली आणि तीन वर्षं बोलली नाही. "तू विचारलं नाहीस," म्हणाली.

म्हणजे किल्लीनं कुणी आलेलं नाही. दुसरी किल्ली करून घेतली असेल, तो भाग वेगळा.

आता आई. ती काल रिबिनींना इस्त्री करत होती. मी लाकडी दांड्यांवर त्या गुंडाळत होते, लाल, मग सोनेरी, मग ती चॉकलेटी जी कुणाला आवडत नाही आणि कुणी टाकतही नाही. ते खोकं टेबलावर होतं. आई इस्त्री न थांबवता म्हणाली, "हे अक्षर कुणाचं?"

"काय माहीत."

"'र'ला ही अशी शेपटी. सापासारखी खाली गेलेली. मी पहिलीच्या वहीत हजार वेळा पुसलीय ही शेपटी."

"अक्षराची नक्कल कुणीही करेल."

"हो का," आई म्हणाली. रिबीन उलटी केली. दुसऱ्या बाजूनं इस्त्री केली. मी म्हटलं ट्रे कमी पडतायत, गोळे जास्त आहेत. ती म्हणाली, "गोळे मोज मग."

मी मोजले. चौसष्ट.

आणि तू मनातल्या मनात जे म्हणतोयस ते मला ऐकू येतंय, म्हणून लिहिते. हो, नुसतं विचारलं नाही. वहिनीची पिशवी बघितली. गोदामातून सुटताना रोज आमच्या सगळ्यांच्या पिशव्या बघतात. रांगेत उभं राहायचं, चेन उघडायची, टॉर्च मारतात, पुढे. कुणाला राग येत नाही. नियम सगळ्यांना सारखा असला की अपमान होत नाही, असं आमचे सुपरवायझर म्हणतात.

त्या दिवशी आपल्या घरात रांग नव्हती, हे मला मान्य आहे. ती एकटीच होती.

खोली?

चौकशी


गुरुवार, १६ तारीख

दादा,

तुझं पत्र आलं. पत्र काय, दीड ओळ. "खोली घ्या. आमचं तिथे काही राहिलेलं नाही. आणि तिच्याबद्दल काही लिहायचं असेल तर मला लिहू नकोस."

आईनं ते उभ्यानं वाचलं. घडी घातली, परत घडी, परत घडी, तिकिटाएवढं झालं तेव्हा ब्लाउजमध्ये ठेवलं. मग म्हणाली, "चला, जागा झाली," आणि कुणाला काही न बोलता स्वतः खोकी उचलून तुमच्या खोलीत न्यायला लागली. अंड्यांचे ट्रे नेले. कडं नेलं. बाबा म्हणाले, "अगं जड आहे ते, थांब." ती म्हणाली, "यात काय जड आहे." तिसरं खोकं तिनं उचललं तेव्हा मी तुमच्या दारात आडवी उभी राहिले.

"सरक," आई म्हणाली.

मी सरकले नाही. पण बोललेही नाही. अजून नाही. ती खोकं तिथेच खाली ठेवून स्वयंपाकघरात गेली.

आता तुला ते लिहिते जे मी तीनही पत्रांत लिहिलं नाही. ताऱ्याच्या खोक्यावरची चिकटपट्टी. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मी पहिला प्रश्न तोच विचारला असता, की बाई, पट्टी कशी होती? मी ती सोडून सगळ्यावर लिहिलं.

मधे एक लांब पट्टी, दोन्ही कडांना दोन आडव्या, आणि प्रत्येकीचं टोक आत दुमडलेलं, काढताना नख लागावं म्हणून. घरात अशी पट्टी कोण लावतं? गोदामात लागले त्या महिन्यात मी हे शिकून आले आणि त्या वर्षीची सगळी खोकी मीच बंद केली, मिरवून मिरवून. बाबा म्हणाले होते, "हिला आता माणसंही पॅक करता येतील." नावंही मीच लिहिली. आई एकेक सांगत होती, गोळे लिही, माळा लिही, तारा लिही. मी लिहिलं. पुढच्या वर्षी तेच खोकं हातात घेतलं, "तारा" वाचलं, आणि बाबांना म्हटलं, ह्या तुमच्या वायरी, इथे कशाला. त्यांनी ते उचलून मीटरखाली टाकलं. म्हणजे मी ते शोधत होते आणि शोधता शोधता मीच बाजूला केलं. माझंच अक्षर मला वाचता आलं नाही. तारा म्हणजे तारा असं वाटलं, तारा नाही वाटला.

पट्टी एकदा निघाली की पुठ्ठ्याचा वरचा थर सोबत घेऊन येते. परत लावली तर आंधळ्यालाही कळतं. ही निघालेली नव्हती. मी ते खोकं बंद केल्यापासून मीच उघडेपर्यंत त्याला कुणी हात लावला नव्हता, आणि हे मला उघडण्याआधी, नुसतं बघून, कळलं होतं. पहिल्या पत्राच्या आधी.

पेपराची तारीख फाटलेली नव्हती. आता आहे. मी फाडली. तुमच्या लग्नाच्या अकरा आठवडे आधीची होती. वहिनीनं तेव्हा या घराचं दारही बघितलं नव्हतं.

मग मी ते सगळं का लिहिलं, छत्री, किल्ली? कारण तारा चोरीला गेला असेल तर मी त्या दिवशी जे केलं त्याला तपास म्हणता येतं. गेलाच नसेल तर त्याला काय म्हणायचं?

तू बरोबर लिहिलंयस. हे तुला लिहायचं नाहीच. पुढच्या पाकिटावर दुसरं नाव असेल. उघडू नकोस.

चौकशी


शनिवार, १८ तारीख

वहिनी,

तू लिहू की तुम्ही, यातच सकाळ गेली. आधी तू म्हणायचे. तुम्ही लिहिलं तर वाटेल मी चार हात लांब उभी राहून बोलतेय. तू लिहिलं तर वाटेल काही घडलंच नाही. तूच लिहिते, पण घडलंय हे धरून.

तारा सापडला. तो कधीच हरवला नव्हता. माझ्या हातानं बंद केलेल्या, माझ्या अक्षरातल्या खोक्यात होता, तू या घरात यायच्या आधीपासून. हे काल जेवणाच्या टेबलावर आई-बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "म्हणजे तारा म्हणजे तारा होता?" आई म्हणाली, "अहो, गप्प बसा." मग ते ताट उचलून गेले, आणि बेसिनशी पाणी सोडून तसेच उभे राहिले. आईनं एवढंच विचारलं, "तिला सांगितलंस?"

"लिहिते."

"मला दाखवू नकोस. मी शुद्धलेखन बघत बसेन."

पण तारा सापडला हे सांगायला हे पत्र नाही. त्यासाठी चिठ्ठी पुरली असती.

दादाला मी लिहिलं होतं की मी फक्त विचारलं. मग लिहिलं की पिशवी बघितली. दोन्ही खोटं. तू दारात चपला घालत होतीस, मी तुझ्या खांद्यावरून पिशवी काढून घेतली आणि तुमच्या पलंगावर उलटी केली. कंगवा पडला. बसची दोन तिकिटं, अर्धा बिस्किटाचा पुडा रबर लावलेला, छत्री, आणि दवाखान्याचा तो कागद, चार घड्यांचा. ताऱ्याएवढी वस्तू त्यात नाही हे पहिल्या सेकंदालाच दिसलं होतं. तिथे थांबता आलं असतं. पण तपासताना शेवटच्या नगापर्यंत जायचं असतं म्हणून मी कागद उघडला, आणि वाचला. मोठ्यानं. मालाची यादी वाचतात तसा, तुझं नाव, तारीख, आणि खाली जे लिहिलं होतं ते.

दादा दारात होता. त्याला ते माझ्या तोंडून कळलं. आई "अगं बाई" म्हणाली आणि पुढे आनंद करायचा की नाही ते तिला कळेना, तिचे हात तसेच हवेत राहिले. तू एकेक वस्तू परत भरलीस. कागद माझ्याच हातात होता. तू मागितला नाहीस. शेवटी मीच पुढे केला आणि तू तो घेताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, मला राग आला होता तेव्हा त्याचा. काय हिंमत होती माझी, राग यायची.

तारा त्या पिशवीत निघाला असता तरी मी तो कागद वाचायला नको होता. एवढं एक वाक्य सुचायला मला तीन वर्षं लागली, आणि तेही तारा सापडला म्हणून. नसता सापडला तर अजूनही मी तपासच करत असते. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, आणि बरं वाटावं म्हणून मी लिहीतही नाहीये. असं मला वाटतं. त्याचीही मला खात्री नाही.

माफ कर असं लिहून मी थांबणार होते, पण ते लिहिलं की तुझ्यावर काम येतं, करायचं की नाही ते ठरवायचं. माझी चूक होती. ती तुझ्या बाजूनं काही न करता सुद्धा माझीच राहील.

तुमच्या खोलीत काही ठेवलेलं नाही. आईनं नेलेली दोन खोकी मी परत आणली. अकराच्या अकरा आता माझ्या खोलीत आहेत, पलंगाखाली सहा, कपाटावर तीन, दोन खुर्चीवर, म्हणजे खुर्ची गेली. कपडे बदलायला मी दार अर्धंच उघडू शकते. तुमच्या खोलीच्या खिडक्या पुसल्या, गादी उन्हात टाकली. यात माझा काही डाव आहे असं तुला वाटलं तर वाटू दे. मी तुझ्या जागी असते तर गादीची शिवणसुद्धा उसवून बघितली असती.

मागायचं एकच आहे, आणि ते माझ्यासाठी नाही. आई-बाबांना नात भेटू दे. जो वार सांगशील त्या दिवशी मी शिफ्ट लावून घेईन, सकाळी सहा ते दुपारी दोन, किंवा डबल. मी घरात दिसणार नाही.

तुझी नणंद


मंगळवार, २८ तारीख

पत्र मिळालं. यांनी न उघडता माझ्या हातात दिलं. त्यांना आलेली आधीची पण मी वाचली. त्यांनी दिली नाहीत, मीच घेतली. आता मलाही तपास जमायला लागलाय. माझी छत्री हिरवी होती.

ती बातमी मी त्यांना त्याच संध्याकाळी सांगणार होते. आम्ही बाहेर जाणार होतो, कुठल्या टेबलावर बसायचं तेही ठरवलं होतं मी. खिडकीजवळचं. ती संध्याकाळ तू परत देऊ शकत नाहीस. तू देते असं म्हणतही नाहीस, म्हणून शेवटपर्यंत वाचलं.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी तिला घेऊन येते. आईंना सांग. राहायचं की नाही ते तिथे आल्यावर बघू, खोली आवरून ठेवली म्हणजे राहणार असं धरू नये. तू घरात असावंस की कामावर, ते मी अजून ठरवलेलं नाही. डबल शिफ्ट घेऊन टाकू नकोस.

पोरीला आजी-आजोबा फोटोतून माहीत आहेत. आत्या आहे हे आम्ही तिला सांगितलेलं नाही. नातं लपवायचं म्हणून नव्हे, काय सांगायचं ते कळलं नाही. तू लिही तिला. साधं लिही, अडीच वर्षांची आहे. आधी मी उघडणार, मी वाचणार. मग तिला वाचून दाखवायचं का ते बघू.


गुरुवार, ३० तारीख

छोटे,

हे पाकीट आधी तुझी आई उघडेल. तसंच ठरलंय.

मी तुझ्या बाबांची लहान बहीण. बाबांच्या हनुवटीवर एक रेघ आहे. बोट लावून बघ, लागली का? ती मी केली. आम्ही लहान होतो, मी त्यांना पायरीवरून ढकललं. ते सगळ्यांना सांगतात की मीच पडलो. ते खरं नाही, मी ढकललं होतं.

मी एका मोठ्या जागेत काम करते. तिथे खूप खोकी येतात, तुझ्याहून मोठी, आणि मी त्यांत काय आहे ते बघते. माणसांच्या पिशव्या बघत नाही.

तुला भूर जायला आवडतं असं आजी सांगत होती. आणि मोजे काढून फेकायला. मलाही मोजे आवडत नाहीत. आजीकडे गार फरशी आहे, तिथे अनवाणी चालता येतं, चट् चट् आवाज येतो.

बाबांच्या बहिणीला आत्या म्हणतात. मला अजून कुणी म्हटलेलं नाही. तू म्हणायलाच हवं असं नाही.

आत्या चांगली आहे की वाईट आहे, हे तुला विचारायचं असेल तर मला विचारू नकोस. आईला विचार. ती सांगेल ते खरं.